दुसरी बादली

(दहावीच्या १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. मधले प्रश्न आणि हशा तेवढा गाळला आहे.)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं की प्रत्येकाने पंधरा मिनिटं बोलायचं, पण नोकरीबद्दल नाही आणि मुलांच्या मार्कांबद्दल तर मुळीच नाही. घरी गेल्यावर कामाला येईल असं काहीतरी सांगायचं. डॉक्टर मंडळींनी रक्तदाब घेतला, शेतीवाल्यांनी ठिबक घेतलं. मी दिवसभर संगणकासमोर बसणारी बाई. माझ्या वाट्याला उरलं ते माझं रविवार सकाळचं वेड. माझा विषय आहे, रंगावर ओरखडे न पाडता गाडी कशी धुवायची आणि तिला वॅक्स कसं लावायचं.

हसून घ्या. पण सकाळी मैदानावर मी एक चक्कर मारली. जिथे आपण सायकली एकमेकींवर रेलून ठेवायचो, तिथे आज अडतीस चारचाक्या उभ्या आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल गोल काहीतरी चमकतंय. काळ्या गाडीवाल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळलं असेल. पांढऱ्या गाडीवाल्यांच्याही गाडीवर ते आहेच, फक्त दिसत नाही.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. आपल्या लहानपणच्या फियाट किंवा अँबॅसडरला फडक्याने पॉलिश केलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, कारण वरचा थर हाच रंगाचा थर असायचा. आताच्या गाड्यांचं तसं नाही. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, ज्याला क्लिअरकोट म्हणतात. चकाकी त्याची, उन्हापासून रंगाचं रक्षण करायचं कामही त्याचंच. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. झेरॉक्सचा एक कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीच्या अंगावर एक-दीड कागदाएवढं कातडं. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, कागदाच्या निम्मा किंवा त्याहून पातळ. आणि तो परत वाढत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, याचा बॅकअप नसतो.

आता ओरखडे कोण पाडतं? आपण म्हणतो पोरांनी पाडले, मांजर चढलं, शेजाऱ्याने जळून किल्ली फिरवली. क्वचित तसं असेलही. पण ते जाळं पाडते धूळ, आणि ती घासतो आपण.

विज्ञानाच्या तासाला आपण मोस साहेबांची कठीणपणाची श्रेणी पाठ केली होती, आठवतं? या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली ती मांडली. शंखजिऱ्याला एक, हिऱ्याला दहा. वरचा नंबर खालच्यावर ओरखडा पाडतो, एवढाच नियम. त्यात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर आहे. काच आणि पोलाद साडेपाचच्या आसपास. वाळूत आणि रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या भुकटीतली खनिजंही पाच-सहाच्या घरातली. क्लिअरकोट तर प्लास्टिकच्या जातीचा. त्याचा या धुळीपुढे काय टिकाव लागणार? सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या फडक्याने बॉनेटवरून जो झपझप हात आपण फिरवतो, तो म्हणजे पॉलिश पेपरच. फक्त आपण त्याला स्वच्छता म्हणतो.

आणि ते गोल का दिसतात, ही गंमत ऐका. घरी जाऊन स्टीलचं ताट दिव्याखाली धरा. रोज घासून घासून त्यावर ओरखडे पडलेले असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ते गोल गोल दिसतात. आता ताट तसंच ठेवून दिवा सरकवा. वर्तुळंही सरकतात! म्हणजे वर्तुळं ताटावर नाहीतच. ताटावर सगळ्या दिशांनी गेलेले ओरखडे आहेत आणि त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात. डोळा त्यांची वर्तुळं जुळवतो. गाडीवरही हेच होतं. हे ध्यानात ठेवा, मला शेवटी लागणार आहे.

तर धुवायचं कसं?

गाडी सावलीत लावा आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापल्या पत्र्यावर साबण आणि पाणी दोन्ही वाळून डाग पडतात. पहिलं काम, फडकं न लावता नुसत्या पाण्याने जेवढी धूळ जाईल तेवढी जाऊ द्या. जी धूळ पाण्याने गेली ती घासावी लागत नाही. यासाठी पाईप लागतोच असं नाही. कुंड्यांसाठी मिळतो तो हाताने हवा भरायचा पाच लिटरचा फवारा पंप पुरतो. शेतीवाल्यांनो, तुमचा पाठीवरचा पंपही चालेल, पण औषध मारलेला नको, कोरा आणा.

दुसरं, साबण. कपड्यांची पावडर नको. ती अल्कधर्मी असते, वॅक्स उतरवून टाकते, आणि तिचे न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळंच. भांड्याची वडी तर नकोच नको. तिच्यात घासण्यासाठी म्हणूनच खनिजाची भुकटी घातलेली असते. गाडीचा शाम्पू घ्या. तो बुळबुळीत असतो आणि त्या बुळबुळीतपणाचेच आपण पैसे देतो, कारण त्यामुळे कण रंगावरून घसरून जातो, रुतत नाही.

तिसरं, आणि माझ्या भाषणातलं हे एकच लक्षात राहिलं तरी चालेल, बादल्या दोन घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. शाम्पूत बुडवलेला हातमोजा एका पट्टीवरून फिरवला की तो आधी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून काढायचा, पिळायचा, आणि मगच शाम्पूत बुडवायचा. एकच बादली असेल तर काय होतं? टपावरची धूळ बादलीत येते आणि बादलीतून दारावर जाते. आपण गाडी धूत नसतो, धूळ तिच्या अंगभर वाटत असतो. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ बसतो तो एकदा बघा. तो सगळा गाडीवर घासला गेला असता.

हातमोजा म्हणजे मायक्रोफायबरचा, लांब केसांचा. जुनं बनियन मऊ असतं हे मान्य, पण त्याचं कापड सपाट आहे. कणाला आत शिरायला जागा नाही, तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकून फिरत राहतो. शिवाय शिवण असते. मायक्रोफायबरच्या केसांत कण वर ओढला जातो. फक्त त्याच्या कडेला शिवलेली ती टोचरी चिठ्ठी आधी कापून टाका.

वरून खाली यायचं. आधी टप आणि काचा, मग बॉनेट, मग दारांचा वरचा भाग, शेवटी खालचा. चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने, कारण तिथे ब्रेकचा लोखंडी चुरा असतो. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही, आणि दाबू नका. मोज्याचं जेवढं वजन तेवढाच भार. सरळ का, तर एखादा ओरखडा पडलाच तर सगळे एका दिशेला राहतात, दर कोनातून चमकत नाहीत.

मग स्वच्छ पाणी आणि लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेल. तो घासायचा नाही. पसरायचा, टेकवायचा आणि अलगद ओढायचा. हातातून जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून परत वापरायचा मोह आवरा. ही फडकी धुताना सुती कपड्यांत टाकू नका, त्यांचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करायचं द्रावणही नको, त्याने मायक्रोफायबरची पाणी शोषायची ताकद जाते.

आता पाण्याचं बोलते, कारण हे लातूर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते गाव. इथे उभं राहून गाडी धुण्यावर बोलायची मला लाजच वाटली असती, पण हिशोब मांडला आणि धीर आला. नळाला लावलेला पाईप मिनिटाला दहा-बारा लिटर सहज ओततो. पंधरा मिनिटांत दीडशेच्या पुढे. माझी पद्धत अशी: फवाऱ्याचे पाच लिटर, शाम्पूचे दहा, खळबळायचे दहा, शेवटचे दहा. एकूण पस्तीस. दोन बादल्या ऐकायला चैन वाटते, पण पाईपच्या पाव हिश्श्यात काम होतं. आणि टंचाईच्या महिन्यांत गाडी धुळकट राहू द्या. अंगावर बसलेली धूळ काही करत नाही, कोरडी पुसलेली धूळ करते. धुळकट गाडी ही त्या दिवसांत सभ्य माणसाची खूण समजा.

दोन-तीन गोष्टींना मात्र थांबता येत नाही. पहिली, पक्ष्यांची विष्ठा. तिच्यात युरिक आम्ल असतं. शिवाय उन्हात क्लिअरकोट तापून थोडा मऊ होतो, आणि रात्री आकसताना त्या वाळलेल्या थराचा छाप धरून बसतो. म्हणून दिसली की त्याच दिवशी काढा. पण नखाने खरवडू नका. ओला कागदी रुमाल दहा मिनिटं ठेवा आणि मग उचलून घ्या. दुसरी, आंब्याखाली लावलेल्या गाडीवर मोहोराच्या दिवसांत पडणारा चिकटा. ती झाडाची राळ नव्हे, तुडतुड्यांनी टाकलेला गोड रस असतो. कोमट पाण्याने निघतो, पण लवकर काढला तर. तिसरी, बोअरचं पाणी. ते वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके उरतात. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून फडक्याने टेकवा आणि लगेच धुऊन काढा. अर्थात बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी लगेच टिपून घेतली तर ठिपके पडतच नाहीत.

आता वॅक्स. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळ्यालाच पॉलिश म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. पॉलिश काढतं, वॅक्स लावतं. पॉलिशमध्ये बारीक खर असते. ती क्लिअरकोटचा पातळ थर तासून ओरखड्याच्या तळापर्यंत पृष्ठभाग खाली आणते, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. प्रत्येक वेळी काही ना काही जाडी जातेच. रबिंग कंपाउंड तर त्याहून खरबरीत. सर्व्हिसिंगला दर वेळी "रबिंग-पॉलिश करून टाकू का?" असं विचारतात, तेव्हा त्या अर्ध्या कागदाची आठवण ठेवा. थर संपला की टपावर पांढरे पापुद्रे सुटतात आणि मग नव्याने रंग देण्यावाचून इलाज नाही.

वॅक्स काहीच काढत नाही. चांगलं वॅक्स कार्नोबाचं असतं. ब्राझीलच्या ईशान्येकडे ताडासारखं एक झाड आहे, त्याच्या पानांवर हे मेण धरतं. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही पुष्कळदा याचीच असते. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबाला ८० च्या वर जावं लागतं. आपल्या मे महिन्यासाठी हे बरं.

लावायची रीत सोपी आहे. गाडी धुतलेली, कोरडी आणि गार हवी. आधी हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवा. पिशवीमुळे बारीक खरखर नीट कळते. खरखर लागली तर क्ले म्हणून मिळणारी चिकणमातीसारखी वडी शाम्पूच्या पाण्यात ओली करून हलकेच फिरवा, रुतलेले कण ती उचलते. मग स्पंजवर बोटाच्या पेराएवढं वॅक्स घ्या. जाड थर लावला म्हणजे जास्त टिकतं असं नाही, पुसायला त्रास तेवढा होतो. एका वेळी एकच भाग घ्या. बोटाने पुसून बघितल्यावर खाली स्वच्छ चमक आली की वाळलं समजा, आणि मऊ मायक्रोफायबरने पुसून घ्या. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना लावू नका, पांढरे डाग बसतात. मॅट रंगाच्या गाडीला तर वॅक्स लावूच नका. आपल्या उन्हात ते महिना-दोन महिने पुरतं. पाणी टाकल्यावर थेंब गोल न होता पसरायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली.

वॅक्सने ओरखडे जातात का? नाही. थोडे झाकले जातात. ओरखड्याची खोली बघायची असेल तर त्यावर पाणी लावा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो वरच्या थरात आहे. नख अडकलं तर खोल आहे, तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

आणि ते सिरॅमिक कोटिंग? आपल्यातल्या दोघांनी सकाळपासून मला तेच विचारलं. ते वॅक्सपेक्षा पुष्कळ टिकतं, धुणं सोपं करतं, हे खरं. पण दुकानदार "नाइन एच, दगडासारखं कडक" म्हणतो, तेव्हा फसू नका. हा नऊ मोसच्या श्रेणीतला नऊ नाही. हा पेन्सिलचा नऊ आहे! एलिमेंटरी-इंटरमिजिएटला चित्रकलेच्या सरांनी आपल्याला टूबी, एचबी, टूएच पेन्सिली आणायला लावल्या होत्या, त्याच मालिकेतली नाइन एच. त्या पेन्सिलीने ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. गारगोटी त्याला ऐकत नाही. कोटिंग केलेल्या गाडीलाही दोन बादल्याच लागतात.

शेवटची पाच मिनिटं एका प्रसंगासाठी ठेवली आहेत, कारण मला खरं तर यासाठीच हा विषय घ्यायचा होता.

मी पुण्यात ज्या सोसायटीत राहते, तिथे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा पहाटे गाड्या पुसतो. बावीस गाड्या, आठच्या आत. मागच्या वर्षी एका रहिवाशाने सभेत तक्रार केली की याने माझ्या नव्या काळ्या गाडीवर मुद्दाम गोल गोल ओरखडे काढले, याचे दोन महिन्यांचे पैसे कापा. सभेत माना डोलायला लागल्या होत्या. तो मुलगा दाराशी उभा होता. त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्याला विचारलं, "तुला पाणी किती मिळतं रे?"

"चार बादल्या, ताई. टँकर असतो म्हणून."

"आणि फडकी?"

"दोन."

बावीस गाड्या, चार बादल्या, दोन फडकी. सहाव्या गाडीपर्यंत त्या बादलीत काय उरत असेल? मी सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. मोबाईलची बॅटरी त्या काळ्या बॉनेटवर धरली आणि हळूहळू सरकवली. वर्तुळं सरकली. मग तीच बॅटरी इतर चार गाड्यांवर धरली, त्यात माझ्या शेजारणीची होती आणि खुद्द सेक्रेटरींचीही. सगळीकडे तेच जाळं. मुद्दाम काढलेला ओरखडा एका जागी असतो आणि दिवा हलवला तरी हलत नाही. मग त्याच्या बादलीतलं पाणी हळूच ओतून दिलं, तळाचा गाळ फडक्यावर घेतला आणि एका जुन्या सीडीवर चार वेळा फिरवला. पुढे काही बोलावं लागलं नाही.

पैसे कापले गेले नाहीत. ठरलं ते असं: प्रत्येकाने आपल्या गाडीची दोन मायक्रोफायबर फडकी स्वतः द्यायची, म्हणजे एकाची धूळ दुसऱ्याच्या गाडीवर जाणार नाही. गाडी रोज नाही, एक दिवसाआड पुसायची. म्हणजे दिवसाला अकराच गाड्या आणि पाणी तेवढंच. चारपैकी दोन बादल्या फक्त फडकी खळबळण्यासाठी. कोरडं फडकं बंद. सोसायटीने एक फवारा पंप घेतला. तक्रार करणाऱ्या काकांचं समाधान झालं नाही, ते आता गाडी बाहेर धुतात. जुने ओरखडेही गेले नाहीत, ते जाणार नव्हतेच. पण तो मुलगा टिकला, आणि आता इतरांना दोन बादल्यांचं गणित तोच समजावतो, माझ्यापेक्षा थोडक्यात.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाड्या दुसरं कुणीतरी धुतं. म्हणून मी हे तुम्हाला सांगितलं. आज रात्री घरी गेलात की त्या माणसाला एवढंच विचारा, त्याच्याकडे फडकी किती आहेत आणि बादल्या किती. मग ओरखड्यांबद्दल बोला.

बाई, सर, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. आमच्या वेळी आम्ही तुमचं इतकं शांतपणे ऐकत नव्हतो. चहा झाल्यावर मी मैदानाच्या कडेच्या लिंबाच्या सावलीत असेन. डिकीत दोन बादल्या, एक पंप आणि शाम्पू आहे. कुणाची तरी एक काळी गाडी लागेल. पस्तीस लिटरच्या वर एक थेंब लागला तर पुढच्या मेळाव्याचा चहा माझ्याकडून.